मनातली अढी कशी उपसायची: चर्चमध्येच वाढलेल्या आपल्यासारख्यांसाठी

आमच्या आजीकडे, श्रीरामपूरच्या बाजूला, मे महिन्यात माळ्यावर आंब्यांची अढी घातलेली असायची. खाली गवत, मग आंबे, परत गवत आणि वरून गोणपाट. आम्हा पोरांना हात लावायची बंदी, पण आजी स्वतः एक दिवसाआड गोणपाट बाजूला करून एकेक आंबा दाबून बघायची आणि डागाळलेला दिसला की लगेच बाहेर काढायची, कारण तो एक राहिला तर शेजारचे चार गेलेच म्हणून समजा. मनात धरून ठेवलेल्या रागालासुद्धा आपण अढीच म्हणतो हे मला चाळिशी ओलांडल्यावर क्लिक झालं. आणि बरोबरच आहे ना, अंधार, ऊब, वरून झाकण, आतल्या आत काम चालू.

हे लिहायचं कारण म्हणजे माझी स्वतःची अढी. पुण्यातल्या एका जुन्या मराठी चर्चच्या क्वायरमध्ये, म्हणजे गाणाऱ्यांच्या चमूत, मी बरीच वर्षं आल्टो गाते, म्हणजे बायकांतला खालच्या पट्टीचा आवाज. दोन नाताळांपूर्वी कॅरल सर्व्हिसचा सोलो, जो मला मिळणार असं मी धरूनच चालले होते, तो एका पंचविशीतल्या मुलीला दिला. मी तोंडाने "किती छान, तूच गा" म्हटलं आणि तिच्या बरोब्बर मागे दुसऱ्या रांगेत उभी राहून पुढचे आठ महिने नुसते ओठ हलवले. खोटं नाही सांगत. वहीवर पेन्सिलने श्वासाच्या खुणा केलेल्या, पान उघडलेलं, तोंड हलतंय, आवाज नाही. त्या आठ महिन्यांत प्रार्थना म्हणजे उशीवर डोकं टेकलं की दोन वाक्यं, शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की झोप, आणि कॉटेज प्रेयरला, म्हणजे कुणाच्या तरी घरी भरणाऱ्या प्रार्थनेला, मी प्रेयर रिक्वेस्ट काय दिली, तर "मी स्पिरिच्युअली ड्राय झालेय". सगळ्यांनी डोळे मिटून माझ्या ड्रायनेससाठी प्रार्थना केली. हेवा हा शब्द कुणीच काढला नाही, मी तर नाहीच नाही.

तर माझं मत असं झालंय की आपल्यासारख्या, संडे स्कूलपासून चर्चमध्ये असलेल्या लोकांची वाढ खुंटते ती असल्याच बारीक, कुणाला न दिसणाऱ्या गोष्टींनी, आणि त्या नुसत्या "देवा मला चांगलं कर" म्हणून जात नाहीत, एकेक हातात घेऊन बाहेर काढाव्या लागतात. मला जे जमलं आणि जे फसलं ते खाली देतेय.

आधी खरं नाव लिहा

दोनशे पानी वही घ्या, साधी. मोबाईलमधे नको, मोबाईलमधे लिहायला गेलं की मधेच व्हॉट्सॅप उघडतं. त्यात तीनच गोष्टी लिहायच्या: कोण, काय झालं, आणि मला नक्की काय वाटलं. "काय वाटलं" इथे आपण सगळे लबाडी करतो. आपल्याकडे पवित्र शब्दांचा एवढा स्टॉक असतो की घाणेरड्यातली घाणेरडी भावनासुद्धा त्यात गुंडाळता येते. "मला त्यांच्याबद्दल ओझं वाटतं" म्हणजे बऱ्याचदा ते मला आवडत नाहीत. "मी फक्त सत्य बोलले" म्हणजे मी टोचून बोलले. आणि सगळ्यात बेस्ट म्हणजे "त्यांच्या घरासाठी प्रार्थना करा हं, डिटेल्स विचारू नका, पण मुलीचं जरा…" हे वाक्य महिला मंडळात एकदा सुटलं की पुढची वीस मिनिटं डिटेल्सच. चुगली आहे ती, शेवटी आमेन म्हटलं म्हणून काय झालं.

म्हणून साधे गावठी शब्द वापरा. हेवा, माज, कुरकुर, आळस, भीती, सूड. मी त्या पानावर लिहिलं, "ती माझ्यापेक्षा बरी गाते आणि मला ते सहन होत नाही." एवढं एक वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला आणि मधे दोनदा चहा केला.

एक मात्र सांभाळा. सगळाच कोरडेपणा पाप नसतो. झोप उडालीये, जेवण जात नाही, कशातच मन नाही, रडू थांबत नाही, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर वही बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे जा. सरकारची टेलिमानस हेल्पलाईन आहे, १४४१६, फुकट आहे. "विश्वास कमी पडला म्हणून डिप्रेशन आलं" असं म्हणणाऱ्यांना माझ्यातर्फे एक कप चहासुद्धा नाही.

शास्त्र शेजाऱ्यासाठी वाचू नका

आमच्याकडे एक काका उपासना सुटली की दारातच खूष होऊन म्हणतात, "आज पाळकसाहेबांनी बरोबर धरलं त्यांना!" त्यांना म्हणजे कोणाला, तर दर रविवारी दुसऱ्या कुणाला तरी. आम्ही हसतो, पण मी पण तेच करते, फक्त मोठ्याने बोलत नाही. कुसळ आणि मुसळाची गोष्ट तर आपल्याला पाठ आहे, आणि ती ऐकताना आपल्याला मुसळवाली माणसंच आठवतात, यातच सगळं आलं.

यावर मला उपयोगी पडलेली ट्रिक म्हणजे गोष्टीतल्या नावडत्या माणसाच्या जागी उभं राहून वाचायचं. उधळ्या मुलाची गोष्ट घ्या, लूक १५. धाकटा मुलगा वाटणी घेऊन सगळं उधळतो, पस्तावून घरी येतो आणि बाप मेजवानी घालतो. आपण कायम धाकट्याच्या बाजूने रडतो. एकदा थोरला होऊन वाचा. तो शेतातून दमून येतो, घरात गाण्या-नाचण्याचा आवाज येतो, आणि तो आत जाऊन बघत नाही, बाहेरच नोकराला विचारतो. मग बापाशी भांडताना "माझा भाऊ" म्हणतच नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. आणि बाप उत्तर देताना हळूच ते फिरवतो, "हा तुझा भाऊ". मी हा भाग लहानपणापासून पन्नास वेळा तरी ऐकला असेल, पण हे दोन शब्द मला त्या आठ महिन्यांनंतर दिसले. आणि अजून एक, थोरला शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलंच नाही. गोष्ट अंगणातच थांबते.

तुलनेची खोड असेल तर योहानाचा २१ वा अध्याय काढा. पेत्र या शिष्याला प्रभूने नुकतंच "माझी मेंढरं पाळ" म्हणून सांगितलंय, एवढी मोठी गोष्ट झालीये, आणि हा मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे बघून विचारतो की याचं काय? त्याला उत्तर मिळतं, थोडक्यात, तुला काय करायचंय, तू माझ्यामागे ये. मी हे "तुला काय करायचंय" वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलंय. फेसबुकवर कुणाच्या मुलाचं कॅनडाचं ॲडमिशन दिसलं की कव्हर बघते.

दुखलंय हे नाकारू नका, पण हिशोब पूर्ण करा

क्षमेवर बोलणारे लोक बऱ्याचदा "सोडून दे गं, एवढं काय त्यात" असं म्हणतात आणि त्याने अजून चिडायला होतं. मत्तय १८ मधली गोष्ट असं म्हणत नाही. पेत्र विचारतो की सात वेळा माफ केलं तर बास का, येशू म्हणतो साताच्या सत्तर पट, आणि मग त्या कर्जबुडव्या चाकराची गोष्ट सांगतो. राजा त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो, आणि हा बाहेर येऊन शंभर दिनारांसाठी सोबतच्या चाकराचा गळा धरतो. त्यातला दिनार म्हणजे साधारण मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे अंदाजे सहा हजार दिनार. आता पुण्यातल्या बिगाऱ्याच्या हिशोबाने बघू, रोजचे समजा पाचशे रुपये धरा. चाकराने दुसऱ्याकडून मागितलेले शंभर दिनार म्हणजे झाले पन्नास हजार. आणि राजाने त्याला माफ केलेले दहा हजार तालांत म्हणजे तीन हजार कोटी.

यात मला जे भावलं ते असं, की पन्नास हजार हे खोटं कर्ज नाहीये. पन्नास हजार कुणी बुडवले तर आपण महिनाभर झोपणार नाही. म्हणजे तुमच्या जावेने लग्नात जो अपमान केला, भावाने गावच्या जमिनीत जे केलं, ते खरंच झालंय, किरकोळ नाहीये. फक्त ते पन्नास हजार वसूल करायला गळा धरताना आपल्या खिशात तीन हजार कोटी माफ झाल्याची चिठ्ठी आहे, ती आधी काढून वाचायची. मी वहीत डाव्या पानावर त्यांचं देणं लिहिते आणि उजव्या पानावर माझं, देवाकडचं. उजवं पान लिहायला नेहमी जास्त वेळ लागतो, आणि ते लिहून झालं की डाव्या पानावरचा जोर आपोआप थोडा उतरतो. पूर्ण नाही उतरत हं. थोडा.

आणि इथेच ब्रेक मारून सांगते, कारण आपल्या चर्चमध्ये हे उलटं वापरलं जातं. नवरा मारतो, सासरचे पैशासाठी छळतात, चर्चमधला कुणी मोठा माणूस मुलांशी किंवा बायकांशी नको तसं वागतो, तिथे "माफ कर आणि गप्प बस, साक्ष खराब होईल" (म्हणजे लोकांत ख्रिस्ती म्हणून नाव जाईल) असा सल्ला देणं म्हणजे त्या माणसाला अजून एक दिवस मोकळीक देणं. माफी मनात चालू राहू दे, पण आधी सुरक्षित जागी जा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, आणि आत्ताच्या आत्ता धोका असेल तर ११२. तक्रार करणं म्हणजे अढी धरणं नाही.

समोर जाऊन बोलायचं असेल तर

मत्तय ५ मध्ये लिहिलंय की वेदीजवळ अर्पण आणलंय आणि आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. लक्ष द्या, त्याच्या मनात आपल्याविरुद्ध, आपल्या मनात त्याच्याविरुद्ध नव्हे. हा फरक मला माहीत नव्हता आणि त्यामुळे मी एकदा भलताच घोळ घातलाय. एका बाईंना, ज्यांना बिचाऱ्यांना मी रागावलेय हेच माहीत नव्हतं, मी चर्चच्या गेटवर गाठून म्हटलं, "मी तुम्हाला माफ केलंय." त्यांचा चेहरा अजून आठवतो. हातातलं मारी बिस्किट चहात पडलं. म्हणजे मी माफीच्या नावाखाली त्यांना एक चपराकच दिली. समोरच्याला माहीतच नसेल तर ती अढी तुमची आणि देवाची, त्याला कशाला त्यात ओढता.

पण तुमच्या वागण्याने समोरच्याला त्रास झाला असेल तर जावंच लागतं. रविवारी गेटवर नको, सगळे बघतात. व्हॉट्सॅपवर मोठ्ठा मेसेज तर अजिबात नको, त्याचा स्क्रीनशॉट संध्याकाळपर्यंत पिंपरीला पोचतो. फोन करून विचारा, घरी जा, एकट्याने. वाक्य छोटं ठेवा, "मी असं असं वागले, ते चुकलं, माफ कर." "पण" हा शब्द आला की माफी संपली. "तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी" हे पण नको, त्यात चूक परत समोरच्याच्याच गळ्यात.

मी गेले त्या सोलोवाल्या मुलीकडे, वडगाव शेरीला, एका शनिवारी. तिने चहा टाकला, आलं किसत होती, मी स्वयंपाकघराच्या दारातच उभी राहून एका दमात बोलून टाकलं की मी तुझ्यामागे मुद्दाम गात नव्हते, हेव्याने, चुकलं माझं. ती वळलीसुद्धा नाही. म्हणाली, "ताई, मला माहीत होतं. मला मागून आल्टो ऐकूच यायचा नाही. दुसऱ्या कडव्याला मी दर वेळी सूर चढवायचे, मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय."

मला वाटत होतं मी फक्त स्वतःशी रुसलेय, त्यात कुणाचं काय नुकसान. आणि ती पोरगी आठ महिने माझ्या गप्प बसण्यामुळे बेसूर होत होती.

मग चहा गाळताना ती म्हणाली, "पण सोलो मला जमतो हं ताई." झालं, परत कळ आली! मी हो म्हटलं, खरं होतं म्हणून, आणि घरी येताना येरवड्याच्या सिग्नलपर्यंत परत धुसफुसत होते. म्हणजे सिनेमासारखं गळ्यात पडून रडणं वगैरे होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पुढच्या रविवारी मी गायले, एवढंच.

जी वृत्ती आपण वृत्ती म्हणून मोजतच नाही

गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन पुणेकरांना माहीत असतं. १८९० साली तिथे एका कार्यक्रमाला लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशी मंडळी गेली होती, तिथे चहा-बिस्किटं आली, कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला, आणि मिशनऱ्यांच्या हातचा चहा म्हणून पुण्यात एवढा गदारोळ झाला की प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. आपण ख्रिस्ती लोक ही गोष्ट फार चवीने सांगतो, बघा कसे होते म्हणून.

आता आपल्याच घरात बघा. उपासनेनंतरचा चहा सगळ्यांना एकाच थर्मासमधला, बरोबर. पण मुलीसाठी स्थळ बघताना "ते मूळचे कोण?" हा प्रश्न हळू आवाजात येतोच की नाही? आडनावावरून अंदाज लावतो की नाही? शिवाय कॅथलिक म्हणजे असे, पेंटेकॉस्टल म्हणजे तसे, झोपडपट्टीतल्या फेलोशिपवाले म्हणजे नुसते टाळ्या वाजवणारे. हे आपण वहीत कधीच लिहित नाही कारण ते आपल्याला पाप वाटतच नाही, माहिती वाटते.

हे एका रात्रीत जात नाही हेही खरं. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक (लोकमान्य नव्हेत) ख्रिस्ती झाले, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं आहेत. सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्या बाईने जातीचा प्रश्न स्वतःशी भांडून सोडवला, नवऱ्याने सांगितलं म्हणून मान डोलावली नाही. मला त्यात फार धीर वाटतो. यावर उपाय म्हणून माझ्याकडे भाषण नाही, एकच काम आहे: ज्या लोकांबद्दल तुमच्या घरात हळू आवाजात बोललं जातं, त्यांच्या घरी जेवायला जा. त्यांना बोलावणं सोपं असतं, आपण यजमान, आपला मान राहतो. त्यांच्या घरी, त्यांच्या ताटात, ते वाढतील ते. पहिल्या वेळी मी पाणी पिताना ग्लासकडे बघितलं, हे मी इथे लिहून टाकते.

कुरकुर

हिच्यावर फार नाही लिहित. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात इस्राएल लोक मिसरातली, म्हणजे इजिप्तमधली, गुलामी विसरतात पण तिथली मासळी, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण एकेक नाव घेऊन आठवतात. आपल्या कमिटीच्या मिटिंगा ऐका, "आधीच्या पाळकांच्या वेळी" पासून सुरुवात होते, मग माईक, मग पंखे, मग पार्किंग. उपाय लेंटमध्ये, म्हणजे इस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, करून बघा. राखेच्या बुधवारपासून इस्टरपर्यंत, रविवार सोडून चाळीस दिवस असतात, आपण मटण सोडतो आणि रविवारी दुप्पट खातो. त्याऐवजी एक वाक्य सोडा. मी "यांना काय कळतंय" हे सोडलं होतं. मुलाने डबा ठेवला, दर वेळी दहा रुपये, आणि गुड फ्रायडेला त्यात चारशे सत्तर निघाले. मटण परवडलं असतं.

रोजचं आणि महिन्याचं

रात्री पाच मिनिटं, स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी, देवा माझं मन तपास म्हणणाऱ्या, आणि मग वहीत आजचं एक नाव. नाव नसेल तर नाही, ओढून आणू नका, काही लोकांना स्वतःला दोष देत बसायचंच व्यसन असतं, तो गर्वाचाच दुसरा प्रकार आहे. आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, असतं, म्हणून आदल्या शनिवारी मी महिन्याची सगळी पानं चाळते, आजी चाळायची तशी. जे मऊ पडलंय, म्हणजे जे आता दुखत नाही, त्यावर तारीख टाकून काट मारते. जे अजून कडक आहे त्याच्यासाठी त्या माणसाचं नाव घेऊन, त्याचं भलं मागते, दात-ओठ खाऊन का होईना. त्याची नोकरी, त्याची शुगर, त्याची मुलगी.

एक माणूस सोबत घ्या. जिवलग मैत्रीण नको, ती "तुझंच बरोबर आहे" म्हणते. मला एक रिटायर्ड नर्सबाई मिळाल्यात, बुधवारी रात्री नऊला फोन करतात आणि "जय ख्रिस्त" झाल्या झाल्या विचारतात, "वहीत काय आहे?" मी जरा लांबण लावली की म्हणतात, "ते झालं, तू काय केलंस ते सांग."

या आठवड्यात वहीत पार्किंगवाले काका आहेत. गेल्या रविवारी त्यांनी सगळ्यांसमोर माझी स्कूटी हलवायला लावली, गेटच्या आत लावली होती म्हणून, आणि मी अर्धी उपासना त्यांना काय काय ऐकवायचं याची तयारी करण्यात घालवली. प्रवचन कशावर होतं आठवत नाही. बाईंना बुधवारी सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "गेटच्या आत लावली होतीस ना पण?" लावली होती. तर उद्या आठच्या आधी पोचून बाहेर रस्त्यालगत लावणार आहे, आणि काकांना स्वतःहून हाक मारून गुड मॉर्निंग म्हणणार आहे.